गेमिंग पीसीसाठी मॉनिटर: २४, २७ की ३२ इंच? १०८० की १४४०?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. पीसी जुळवून झालाय, फक्त मॉनिटर राहिलाय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. सध्या घरातल्या जुन्या १९ इंची स्क्रीनवर चालवायलोय. मॉनिटरसाठी घरून वीस हजार मिळालेत, लईच गरज पडली तर दोनेक हजार वर जातील.

रात्री मित्रांसोबत व्हॅलोरंट (गोळीबाराचा ऑनलाइन गेम) असतं. एकटा असलो की फोर्झा होरायझन ५ (गाड्यांचा) नाहीतर सायबरपंक (कथेचा). दिवसा इंजिनिअरिंगचा अभ्यास, कोडिंग, पीडीएफ. गंजगोलाईकडं एका दुकानात विचारलं तर ते म्हणायलेत २७ इंची फुल एचडी (१०८० वालं) घेऊन टाक, मोठी पण आहे अन् स्वस्त पण. मित्र म्हणायलेत गेमिंगला २४ च. यूट्यूबवर बघावं तर जो तो १४४० रिझोल्युशनच्या मागं. कामून एवढी वेगवेगळी मतं आहेत तेच कळंना. खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकी पश्चिमेला. कुणी नीट समजावून सांगता का?

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

मांजराकाठ, आधी टेप घे आणि दोन मापं सांग. टेबल भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत किती खोल आहे? आणि तू रोज खेळतोस तसा बसल्यावर डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत किती अंतर पडतं?

मतं वेगवेगळी येतात कारण बहुतेक जण इंच आणि रिझोल्युशन वेगवेगळे मोजतात. डोळ्याला त्यातलं एकही सुटं दिसत नाही. डोळ्याला दिसते ती पिक्सेलची दाटी, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसलेत ते. २४ इंची फुल एचडीत साधारण ९२ बसतात. तेच रिझोल्युशन २७ इंचांवर ताणलं की ८२ च्या आसपास उरतात. २७ इंची १४४० मध्ये १०९, ३२ इंची १४४० मध्ये पुन्हा ९२, ३२ इंची फोरकेत १३८ आणि २७ इंची फोरकेत १६३.

आता अंतर. निरोगी नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो असं धरतात. त्यावरून सोपा हिशेब निघतो: ३४३८ ला दाटीनं भागा, जेवढे इंच येतील त्याच्या पलीकडून पिक्सेल सुटे दिसत नाहीत. ९२ दाटीला हे अंतर ९५ सेंटिमीटर येतं, १०९ ला ८०, ८२ ला थेट १०७. आपल्याकडं टेबलं दोन फुटांची, मागं भिंत, वर मॉनिटरच्या स्टँडनं पुढं खाल्लेली वीतभर जागा. १०७ सेंटिमीटर लांब बसणार कुठं? म्हणून म्हणतो, माप आधी दे.

वजिराबादी (नांदेड)

मी पीसी जोडून द्यायचं काम करतो, म्हणून कार्डाच्या बाजूनं सांगतो.

फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १४४० म्हणजे २५६० गुणिले १४४०, ३६.९ लाख. फोरके ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. हे सगळे ठिपके कार्डाला प्रत्येक फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, नव्यानं रंगवावे लागतात. १०८० वरून १४४० ला गेलं की काम पावणेदोन पटींहून थोडं जास्त, फोरकेला गेलं की चौपट. मॉनिटर एकदाच विकत घेतो, पण त्याचं ओझं कार्ड रोज वाहतं.

४०६० ला मेमरी ८ जीबी आहे आणि मेमरीची वाट (बस) १२८ बिटची. व्हॅलोरंटला याचं काहीच वाटत नाही. तिथं १४४० वर सुद्धा कार्डाआधी प्रोसेसरच दमतो. फोर्झा पण व्यवस्थित चालेल. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावल्यांचा हिशेब) लावलं की मात्र १४४० वर हे कार्ड उघडं पडतं. टेक्स्चर (वस्तूंवरची बारीक चित्रं) सगळ्यात वर ठेवलं की ८ जीबी भरते आणि गेम मधूनच अडखळायला लागतो. सरासरी आकडा चांगला दिसतो, हाताला मात्र झटके जाणवतात. रे ट्रेसिंग बंद, टेक्स्चर एक पायरी खाली, एवढी तयारी असेल तर ४०६० ला १४४० चालतं. फोरकेचा विचार या कार्डावर करूच नको.

बालाघाट (बीड)

मी मित्रांच्या बाजूनं. रोज रात्री व्हॅलोरंट खेळणार असशील तर २४ इंची फुल एचडी, आणि उरलेले पैसे रिफ्रेश रेटमध्ये घाल, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्यात. तेच हर्ट्झ. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर थांबतं, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. समोरून कोपऱ्यातून कुणी निघालं तर ते कधी दिसतं हे इथं ठरतं.

साइजचंही तसंच. ६५ सेंटिमीटरवर बसलं तर २४ इंची स्क्रीन नजरेचे ४४ अंश व्यापते, २७ इंची ४९, ३२ इंची ५७. मिनीमॅप (छोटा नकाशा) एका कोपऱ्यात, गोळ्यांचा आकडा दुसऱ्या कोपऱ्यात. २४ वर मान न हलवता सगळं दिसतं. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धांत खेळाडूंसमोर २४-२५ इंचीच पडदे ठेवलेले असतात, ते काही बजेट नाही म्हणून नाही.

काळीमाती (परभणी)

बालाघाट दादा, स्पर्धा खेळणाऱ्याला तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. पण मांजराकाठनं दिवसभराचं सांगितलंय ते वाचा ना. त्याच स्क्रीनवर तो कोड लिहिणार, पीडीएफ वाचणार. मी व्हिडिओ एडिटिंग करते आणि कथा असलेले गेम खेळते, माझं मत सरळ २७ इंची १४४०.

एक गोष्ट इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही. आपली लिपी बारीक तपशिलांची आहे. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार, जोडाक्षरातली अर्धी काठी, हे सगळं कमी दाटीच्या पडद्यावर एकमेकांत मिसळतं. इंग्रजी अक्षर ८२ दाटीवर निभावून जातं. मराठीत 'कु' आणि 'कू' वेगळे दिसायला डोळे ताणावे लागतात. विंडोजमधला मंगल फाँट किंवा निर्मला यूआय लहान आकारात दोन्ही पडद्यांवर उघडून बघा. मराठी सबटायटल टाकताना मला हे रोज दिसतं. वाचन असेल तर १०९ दाटीचा फरक खरंच मोठा आहे.

आणि सायबरपंकचं म्हणाल तर डीएलएसएस आहे, एनव्हिडियाच्या कार्डातली चित्र वाढवून द्यायची सोय. १४४० वर क्वालिटी मोड लावला की कार्ड आतून १७०७ गुणिले ९६० एवढंच रंगवतं, म्हणजे फुल एचडीपेक्षा पण कमी, आणि मग ते वाढवून १४४० करतं. वाढवण्याचा थोडा खर्च येतो, पण चित्र सरळ फुल एचडीपेक्षा नेटकं दिसतं. फुल एचडी मॉनिटरवर तोच क्वालिटी मोड आतून ७२० वरून सुरू होतो, तिथं लांबची झाडं, तारा, जाळ्या फिसकटतात. म्हणजे ४०६० वाल्यासाठी डीएलएसएसचा फायदा १४४० वर जास्त आहे.

मांजराकाठ (लातूर)

एवढं कुणी सांगितलंच नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. मापं घेतली. टेबल ६० सेंटिमीटर खोल. रोजच्या पद्धतीनं बसल्यावर डोळ्यापासून स्क्रीन ६५ च्या आसपास.

पैठणगेट दादा, मग दुकानदाराचं २७ फुल एचडी बाद का? त्याच्यात २४० हर्ट्झवालं पण बजेटमध्ये बसतंय. आणि दुसरं, १४४० घेतलं अन् एखादा गेम जड गेला तर तेवढ्यापुरतं १०८० वर लावता येईल ना?

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

हो, बाद. ६५ सेंटिमीटरवरून ८२ दाटी म्हणजे ठिपके मोकळे दिसणार. २७ इंची पडदा २४ पेक्षा क्षेत्रफळानं सव्वा पटीहून जास्त मोठा, पण पिक्सेल तेवढेच. म्हणजे तुला जास्त काहीच दिसत नाही, आहे तेच ताणून दिसतं. गेममध्ये कडा करवतीसारख्या, कोडमध्ये ओळी तेवढ्याच. हा मॉनिटर सव्वा मीटर लांबून बघणाऱ्यासाठी ठीक आहे, पलंगावर टेकून खेळणाऱ्यासाठी ठीक आहे. टेबलावर बसून कोड लिहिणाऱ्यासाठी नाही.

१४४० वर १०८० लावता येतं, पण चित्र मऊ पडतं. १४४० ला १०८० नं भागलं की एक पूर्णांक एक तृतीयांश येतं, म्हणजे गेमचा एक पिक्सेल मॉनिटरच्या सव्वाएक पिक्सेलवर कसाबसा बसवावा लागतो. फोरकेवर तो बरोबर दोनानं भागला जातो, त्यामुळं तिथं हा त्रास कमी. म्हणून १४४० घेतलंस तर गेमचं रिझोल्युशन १४४० च ठेव आणि आतून डीएलएसएस किंवा एफएसआर (एएमडीची तशीच सोय) लाव. काळीमाती ताईंनी सांगितलेली वाटच बरोबर. जुन्या गेममध्ये ही सोय नसते, पण जुना गेम ४०६० ला जडही जात नाही.

तेरणाकाठ (धाराशिव)

धागा वाचून विचारतोय. मुलगा बारावी झाला, त्यालाही असाच पीसी हवाय. घरात ४३ इंची फोरके टीव्ही आहे, तोच लावला तर चालेल का? वेगळा खर्च कशाला असं वाटतं. मला यातलं फार कळत नाही, तरी मार्गदर्शन करावं.

वजिराबादी (नांदेड)

सर, हॉलमध्ये सोफ्यावर बसून कंट्रोलरवर खेळणार असेल तर जरूर लावा, पैसे वाचतील. टीव्हीत गेम मोड असतो तो चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि बटण दाबल्यावर उशिरा हलतं. टीव्ही ६० हर्ट्झचाच असेल, खोक्यावर याहून मोठा 'मोशन' आकडा असला तरी त्यावर जाऊ नका. पीसीतून मजकूर वाचायचा असेल तर टीव्हीत त्या एचडीएमआयला पीसी असं नाव देऊन बघा. बऱ्याच टीव्हींवर त्यानं अक्षरांच्या रंगीत कडा जातात.

पण टेबलावर ठेवू नका. ४३ इंच म्हणजे ९५ सेंटिमीटर रुंद. दोन फुटांवरून बघताना मुलगा दिवसभर मान डावी-उजवी करत राहील.

काळीमाती (परभणी)

सर, आणि गेम फोरकेवर लावायचा आग्रह धरू देऊ नका त्याला. टीव्ही फोरके असला तरी गेम १०८० वर चालवता येतो, बरोबर दोनानं भागला जातो म्हणून दिसतोही नीट.

बालाघाट (बीड)

ताई, मराठी अक्षरांचं पटलं मला, ते डोक्यातच आलं नव्हतं. पण १४४० वर एक अडचण सांगतो. तो आज ४०६० वर आहे. दोन-तीन वर्षांनी नवे गेम येतील तेव्हा फुल एचडीवर हे कार्ड अजून टिकेल, १४४० वर लवकर म्हातारं होईल. कॉलेजच्या पोराला लगेच दुसरं कार्ड कोण देणार?

काळीमाती (परभणी)

हे खरं आहे, आणि म्हणूनच मी ४०६० ला फोरके म्हणत नाही. पण उलटं पण बघा. मॉनिटर सात-आठ वर्षं टिकतो, कार्ड त्याच्या आधी बदललं जातं. आज फुल एचडी घेतला तर पुढचं चांगलं कार्ड आल्यावर तेच कार्ड मॉनिटरमुळं अडकून पडेल. त्याचं कार्ड आरएक्स ६६०० किंवा त्याच्या खालचं असतं तर मी स्वतःच २४ म्हटलं असतं. ४०६० अगदी मधल्या पायरीवर आहे, त्याच्यात डीएलएसएस आहे, म्हणून तोल १४४० कडं जातो.

तो फक्त व्हॅलोरंट खेळत असता आणि वाचन मोबाइलवर करत असता तर तुमचंच ऐकलं असतं मी.

मांजराकाठ (लातूर)

मग ३२ इंची १४४० कसं? आणि ते लांब अल्ट्रावाइड?

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

३२ इंची १४४० ची दाटी २४ फुल एचडीएवढीच, ९२. फोर्झाला ती रुंदी झकास वाटते, पण तिला ९५ सेंटिमीटर अंतर पाहिजे. तुझ्याकडं ६५ आहे. विषय संपला.

अल्ट्रावाइड म्हणजे ३४४० गुणिले १४४०, जवळपास ५० लाख पिक्सेल. ४०६० ला ते जड आहे. शिवाय एल्डन रिंगसारखे काही गेम त्या रुंदीला आपणहून पाठिंबाच देत नाहीत, बाजूला काळे पट्टे येतात. व्हॅलोरंटमध्येही जास्त रुंद दिसण्याचा फायदा मिळत नाही. तुझ्यासाठी नाही.

वजिराबादी (नांदेड)

आता पॅनेल (पडद्याचा प्रकार: व्हीए, आयपीएस) आणि लाइटीचं बोलू, कारण त्यानं पश्चिमेची खिडकी सांगितलीय आणि ते कुणी धरलं नाही.

आपल्याकडं मार्च ते मे दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन थेट आत येतं. व्हीए पॅनेलचं काळं छान गडद असतं, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३००० ला एकच्या घरात. आयपीएसचा हजाराच्या आसपास. रात्री अंधारात कथेचा गेम खेळणाऱ्याला व्हीए आवडतो. पण स्वस्त व्हीएमध्ये गडद रंग हलताना मागं सावली ओढतो, व्हॅलोरंटमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यात ते खुपतं. आणि खोलीत उजेड असला की गडद काळ्याचा फायदा निम्मा जातो. तुझ्यासाठी आयपीएस. ब्राइटनेस ३०० निट्सच्या वर लिहिलेला बघ, पृष्ठभाग मॅट. तरीही खिडकी पाठीमागं किंवा थेट समोर येणार नाही असं टेबल फिरव. खिडकी बाजूला असली की अर्धा प्रश्न मिटतो. खिडकीच्या पडद्याचं कापड जाड लाव, तो खर्च मॉनिटरच्या खर्चातच धर.

ओलेड पॅनेल या बजेटमध्ये नाही, पण पुढं कुणी वाचेल म्हणून लिहितो: एकच मिनीमॅप आणि एकच टास्कबार रोज तासन् तास दिसत राहिला की त्याची खूण कायमची उमटू शकते. दिवसा कोडिंग करणाऱ्यानं विचार करून घ्यावा.

लाइटीचं. ४०६० पूर्ण जोरात ११५ वॅट घेतं, ५६०० चा आकडा ६५ वॅट, मॉनिटर ३०-४०, बाकी बोर्ड, पंखे. खेळताना अडीचशेच्या आसपास धर. छोटा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, पॅनेलचा व्हीए नव्हे) यूपीएस यावर काठावर चालतो, सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ देतो, तेही बॅटरी नवी असेपर्यंत. १००० व्हीए घेतलास तर निवांत. मॉनिटर यूपीएसवरच लाव, वेगळ्या बोर्डवर नको. लाइट गेल्यावर पीसी चालू आणि समोर काळा पडदा, मग सेव्ह काय करणार? घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर बहुधा यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलेलं नसेल तर लाइट जाता-येता पीसी रिस्टार्ट होतो.

मांजराकाठ (लातूर)

इन्व्हर्टर आहे, बटण आत्ताच बघितलं, दुसऱ्याच मोडवर होतं. बदललं.

बालाघाट (बीड)

२७ १४४० च घ्यायचं ठरत असेल तर निदान १६५ किंवा १८० हर्ट्झच घे, ७५ चं स्वस्त बघून भुलू नको. १८० ला फ्रेम साडेपाच मिलिसेकंद थांबते, व्हॅलोरंटला पुरेसं आहे. आणि अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (कार्डाच्या फ्रेमप्रमाणं पडद्याचा वेग बदलायची सोय) आहे का ते बघ. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डं फ्रीसिंक (एएमडीचं अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक) मॉनिटरवर पण ते चालवतात. सायबरपंकमध्ये फ्रेम कमी-जास्त होतील तेव्हा चित्र मधून फाटणार नाही.

'१ एमएस' लिहिलेलं बघून मॉनिटर निवडू नको. तो आकडा सगळ्यात आक्रमक सेटिंगवरचा असतो. तिथं हलणाऱ्या वस्तूमागं उलटी पांढरी छटा दिसते. मधलं सेटिंग ठेव.

वजिराबादी (नांदेड)

बालाघाटनं हर्ट्झ सांगितले, मी केबल सांगतो. गिऱ्हाईक १८० चा मॉनिटर घेऊन जातं आणि महिनोन् महिने ६० वर वापरतं, हे मी कायम बघतो. दोन कारणं. एक, जुन्या डब्यातली एचडीएमआय केबल. एचडीएमआय २.० वर १४४० ला १४४ हर्ट्झपर्यंत जाता येतं, जुनं १.४ तर तिथपर्यंतही पोचत नाही. मॉनिटरसोबत येणारी डिस्प्लेपोर्टची केबल लाव, १.४ असेल तर १८० आरामात. केबल कार्डाच्या पोर्टात घाल, मदरबोर्डच्या नाही.

दुसरं, विंडोज आपणहून ६० वरच सुरू करतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं १८० निवड. मग गेममध्येही तपास, काही गेम आपला वेगळा आकडा धरून बसतात.

तेरणाकाठ (धाराशिव)

वजिराबादी, काळीमाती, दोघांचेही आभार. टीव्ही हॉलमध्येच राहू देतो, मुलाला टेबलाचं माप घ्यायला सांगितलंय. त्याचं कार्ड ठरलं की इथंच विचारतो.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

मांजराकाठ, मागवताना एवढं बघ. ऑनलाइन घेतलास तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढ, पडदा फुटलेला निघाला तर तोच पुरावा. पहिल्याच दिवशी लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण पडद्यावर रंग लावून डेड पिक्सेल (रंग न बदलणारे ठिपके) शोध, कारण परत करायची मुदत थोडी असते. कंपनी मात्र ठरावीक संख्येपर्यंतचे डेड पिक्सेल दोष धरत नाही, तो नियम वॉरंटीत आधीच वाच. आणि त्या कंपनीची सर्व्हिस लातुरात आहे, की मॉनिटर कुरिअरनं पुण्याला पाठवावा लागेल, हे फोन करून विचार. दोन हजार जास्त देऊन दुकानातून घेतलास आणि तो बदलून द्यायची जबाबदारी घेत असेल तर ते दोन हजार वाया नाहीत.

मांजराकाठ (लातूर)

ठरलं मग. २७ इंची, १४४०, आयपीएस, १८० हर्ट्झ. टेबल खिडकीच्या काटकोनात फिरवतो. काळीमाती ताई, मराठी फाँटचं दुकानात जाऊन प्रत्यक्ष बघितलं, २७ फुल एचडीवर 'कु' 'कू' चा फरक खरंच शोधावा लागायला.

शेवटचं एक. स्टँड लई जागा खातो म्हणालात, तर आर्म (टेबलाला आवळायचा मॉनिटरचा हात) लावला तर किती मागं जाईल?

वजिराबादी (नांदेड)

मॉनिटरच्या मागं १०० गुणिले १०० मिलिमीटरचे वेसा होल (आर्म बसवायची ठरावीक मापाची भोकं) आहेत का बघ, काही स्वस्त मॉडेलना नसतात. आर्मनं पडदा भिंतीपर्यंत जवळजवळ टेकवता येतो, तुला दहा-पंधरा सेंटिमीटर मिळतील, म्हणजे अंतर ७५-८० होईल. १०९ दाटीला तेवढंच पाहिजे. पण टेबल कशाचं आहे ते सांग आधी. काच किंवा पातळ पार्टिकल बोर्ड असेल तर क्लॅम्प लावू नको, कडा दबून तुटते. प्लाय १८ मिलिमीटरचा असेल तर खालून लोखंडी पट्टी देऊन आवळ. आणि आर्म मागं दुमडतो तेव्हा त्याचा कोपर भिंतीला लागतो, म्हणून टेबल भिंतीपासून चार बोटं पुढं ठेव.

मांजराकाठ (लातूर)

प्लायच आहे, वडिलांनी सुताराकडून करून घेतलेला, १९ चा. पट्टी आणतो.